कलम ४४(३) साहेबांस, कल्याणहून

श्री. कलम ४४, पोटकलम (३) यांस,
मुक्काम: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ (शेवटचं पान)



आपली प्रत्यक्ष भेट नाही. आपण राजपत्रात राहता, आम्ही कल्याण पश्चिमेला. पण १४ नोव्हेंबर २०२५ रोजी आपण कामावर रुजू झालात आणि आमच्याकडून कुणी साधा हारही घेऊन आलं नाही, ही रुखरुख मनात होती. तेव्हा उशिरा का होईना, अभिनंदन.

अभिनंदन मुख्यतः चपळाईचं. आपला कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला सव्वादोन वर्षं लागली. त्यात नागरिकाच्या पदरात जे पडायचं आहे, म्हणजे माहिती घेण्याआधी आमची संमती, काम झाल्यावर ती पुसून टाकणं, गळती झाली तर आम्हाला कळवणं, ते सगळं आणखी १८ महिन्यांनी, २०२७ च्या मे महिन्यात लागू होणार आहे. बरोबरच आहे, कंपन्यांना तयारीला वेळ नको का? आपल्याला मात्र तयारीची गरज पडली नाही. नियम आले आणि आपण लगोलग खुर्चीत. राखणदार दीड वर्षाने येणार, घरमालकाच्या हातातली किल्ली मात्र आजच काढून घेतली, असा हा बंदोबस्त आहे.

ती किल्ली कोणती, हे आपल्याला मी सांगायला नको. पण पत्र खुलं आहे, चार लोक वाचतील, म्हणून सांगतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(ञ) नावाचे एक जुने गृहस्थ होते. स्वभावाने किचकट, पण न्यायी. एखाद्याची खासगी माहिती मागितली गेली की ते अधिकाऱ्याला विचारायला लावत: हिचा सार्वजनिक कामाशी काही संबंध आहे का? ही दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होते का? होत असली, तरी लोकांचं हित त्याहून मोठं आहे का? आणि शेवटी एक पुस्ती जोडलेली होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही. आपण आलात आणि हे सगळे प्रश्न एका फटक्यात निवृत्त केलेत. पुस्तीही गेली. आता एवढंच उरलं की माहिती वैयक्तिक माहितीशी संबंधित असेल, तर देणं बंधनकारक नाही. तोलायची कटकट नाही, डोकं चालवायची गरज नाही. सरकारी कामकाज सोपं करण्याच्या इतक्या योजना आल्या आणि गेल्या, पण त्यांपैकी एकीला तरी आपल्याइतकं यश मिळालं असेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या गावाची गोष्ट. आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेचा संगणकीकरणात एके काळी राज्यभर डंका होता. नागरी सुविधा केंद्राची आमची पद्धत पाहून इतर महापालिकांनी आपापल्या खिडक्या उघडल्या. त्याच गावात अलीकडे पासष्ट इमारती अशा निघाल्या, ज्यांना महापालिकेने कधी परवानगी दिलीच नव्हती. परवानगीचे कागद मात्र होते. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं साग्रसंगीत. हे बनावट कागद महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणीसाठी चढवले गेले. नोंदणी क्रमांक मिळाला. तो क्रमांक जाहिरातीवर छापला, तो बघून बँकांनी कर्जं दिली, लोकांनी घरं घेतली, सत्यनारायण घातले.

हे उघडकीला कसं आलं? संदीप पाटील नावाच्या इथल्या एका वास्तुविशारदाने महारेराच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या परवानग्या महापालिकेच्या दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. एवढंच. गुप्तहेर नव्हते, छापे नव्हते. एका सरकारी कार्यालयाकडचा कागद दुसऱ्या सरकारी कार्यालयाच्या वहीशेजारी ठेवला, आणि वही त्या कागदाला ओळखेना. दोन्ही कार्यालयं सरकारी, दोघांकडेही संगणक. पण शेजारी ठेवायचं काम एका नागरिकाला करावं लागलं. २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले, विशेष तपास पथक बसलं, पुढे लोकहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२४ रोजी या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत राहणारी हजारो माणसं मात्र आजही कर्जाचे हप्ते आणि पाडकामाची टांगती तलवार यांच्या मधोमध आहेत. त्यांनी घर घेण्याआधी ही ताडणी कुणी केली असती, तर? तो प्रश्न विचारायचा कुणाला, हेच त्यांना कळत नाही.

तर साहेब, अशा बांधकाम परवानगीचा एक कागद आपल्या नजरेने बघू या. त्यावर जमीनमालकाचं नाव असतं: वैयक्तिक. कुलमुखत्यारपत्रधारकाचं नाव: वैयक्तिक. वास्तुविशारदाचं नाव आणि परवाना क्रमांक: दोन्ही वैयक्तिक. नगररचना विभागातल्या अधिकाऱ्याची सही. सहीइतकं वैयक्तिक दुसरं काय असणार? संबंध कागदावर परका असा फक्त जावक क्रमांक. तेवढा द्यायला आपली हरकत नसावी. एखाद्या उत्साही जन माहिती अधिकाऱ्याने उद्या खरोखरच तसं उत्तर दिलं, तर त्याला अडवणारं आपल्या ओळीत काहीही नाही. महारेराच्या संकेतस्थळावरचे कागद रेरा कायद्यानेच उघडे ठेवलेत, तिथे आपलं चालत नाही, हे मान्य. पण ताडून बघायला दोन बाजू लागतात, आणि दुसरी बाजू महापालिकेच्या नस्तीत असते. ती बंद झाली की पहिलीचा उपयोग जाहिरातीपुरता.

पुढचा प्रश्न तर विचारायलाच नको. इमारतीचे सात मजले चढत असताना त्या प्रभागाचे अधिकारी कोण होते, किती काळ होते, नोटीस कुणी काढली, कारवाई कुणी थांबवली, चौकशीत काय निष्पन्न झालं? यातलं एकूण एक उत्तर म्हणजे कुणाचं तरी नाव. माणसांशिवाय भ्रष्टाचार होत नाही, आणि माणूस आला की माहिती वैयक्तिक झालीच. न्या. अग्यार समितीने आमच्या महापालिका हद्दीत ६७,९२० बेकायदा बांधकामं मोजली होती. बांधकामांची संख्या आपण देऊ द्याल. संख्येला बिचारीला खासगी आयुष्य नसतं. त्यामागची नावं तेवढी मागायची नाहीत.

आपण म्हणाल, प्रश्न विचारायला लोकप्रतिनिधी आहेत ना! आहेत. पण आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाचएक वर्षं इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचं राज्य होतं. महासभा नाही, लक्षवेधी नाही, सभात्याग नाही. त्या काळात महापालिकेला लेखी प्रश्न विचारून लेखी उत्तर मिळवण्याचा हक्काचा मार्ग म्हणजे माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचं ‘जोडपत्र अ’ आणि त्यावर डकवलेला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तोही महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत. आम्ही तेवढ्यातही भागवत होतो.

मुंबईतलं आदर्श प्रकरण आठवत असेल. कुलाब्यातली ती एकतीस मजली इमारत बाहेरून दिसायला काही वावगी नव्हती. वावगी होती ती आतल्या सभासदांची यादी. एकशेतीन नावं, ती बाहेर आली, कोण कुणाचा नातेवाईक हे लोकांनी जुळवलं, आणि २०१० च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. नावं झाकून ती यादी दिली असती, तर आमच्या हाती एका गृहनिर्माण संस्थेची एकशेतीन सदनिकांची निरुपद्रवी आकडेवारी आली असती. आपण तेव्हा जन्मला नव्हतात, हे कित्येकांचं दुर्दैव.

तसे आपले पूर्वज मात्र होते, आणि तेही आमच्याच महाराष्ट्रातले. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबद्दल गिरीश देशपांडे यांनी माहिती मागितली होती: मिळालेले मेमो, मालमत्तेचं विवरण आणि मुलाच्या लग्नात आलेला आहेर. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सांगितलं, की हा नोकर आणि मालक यांच्यातला मामला आहे, व्यापक जनहित दाखवा, मग बघू. आहेराचं मी समजू शकतो. कोणाच्या मावशीने किती तोळ्यांची साखळी घातली, हे साऱ्या गावाला कळावं असं माझंही म्हणणं नाही. पण त्या निकालाचा आधार घेऊन पुढे किती कार्यालयांनी किती अर्ज परत केले! मेमो आणि आहेर एकाच पाकिटात बंद झाले. तरी त्यात एक फट होती: व्यापक जनहिताची. आपण आलात आणि ८(१)(ञ) मधली ती फटही लिंपून घेतलीत.

आपले वकील इथे हात वर करतील, ते मला दिसतंय. ‘माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(२) अजून जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो.’ अगदी खरं. केंद्रीय मंत्र्यांनीही या अर्थाचा खुलासा केला आहे. फक्त एक बारीकशी अडचण. याच कायद्याचं कलम ६(२) म्हणतं, की अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे विचारायचं नाही. आता ८(२) चं दार ठोठावायचं, तर जनहित काय ते आम्हीच पटवून द्यायला हवं. तेही जो कागद पाहिलेला नाही त्या कागदाबद्दल. पासष्ट इमारतींचे कागद बनावट आहेत, हे ते कागद बघण्याआधी सिद्ध करून दाखवा, मग ते बघायला मिळतील. युक्ती सुरेख आहे. कल्याण स्टेशनात तिकीट तपासनीसाने असं करायचं ठरवलं, तर फुकट प्रवास करणारा एकही माणूस सापडणार नाही.

शिवाय अधिकाऱ्याच्या खिशाचाही विचार आपण केला आहे. माहिती विनाकारण नाकारली, तर त्याला दिवसाला २५० रुपये दंड, कमाल मर्यादा २५,००० रुपये. आणि तो प्रत्यक्ष वसूल व्हायला आयोगापर्यंत जाऊन तारखांची वाट बघावी लागते. इकडे आपल्या कायद्यात माहितीची राखण चुकली तर दंड २५० कोटींपर्यंत. तो दंड संस्थेला, कारकुनाला नव्हे, आणि कायद्याने सांगितलेली माहिती देणं म्हणजे गळती नव्हे, हे सगळं खरं. पण परिपत्रक वाचणाऱ्या माणसाला बारीक अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. एकीकडे अडीचशे रुपये, दुसरीकडे अडीचशे कोटी. पेन कुठे वळेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आता मला आपल्याशी खरं भांडायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून. आपण खासगीपण राखायला आला आहात असं सांगतात. राखा ना! आमच्याकडे राखण्यासारखं पुष्कळ उघड्यावर पडलं आहे. एखाद्याने फ्लॅटची नोंदणी केली, की आठवड्याच्या आत मॉड्युलर किचनवाला, जाळीवाला, कर्ज बदलून देणारा असे तिघेजण त्याला नावानिशी फोन करतात. त्यांना मोबाइल नंबर कोण पुरवतं? नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, वय, राहता पत्ता असतो. कित्येक सूचींत पॅन क्रमांकसुद्धा सापडतो. व्यवहार कुणाकुणात झाला, किंमत किती, मुद्रांक किती भरला हे लोकांना कळलंच पाहिजे, नाहीतर एकच फ्लॅट चौघांना विकला जाईल. पण माझा पॅन क्रमांक जगाला कळून जमिनीच्या व्यवहारात कोणती पारदर्शकता वाढते? करोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णांच्या याद्या, इमारतीच्या नावासकट, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरल्या. लोकांनी बरे होऊन आलेल्या शेजाऱ्याला लिफ्टमध्ये घेतलं नाही. तिथे कुणी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून आडवा झाल्याचं आठवत नाही. आधारची झेरॉक्स तर आपल्या देशात हॉटेलच्या काउंटरपासून सिमकार्डच्या टपरीपर्यंत सगळ्यांना देऊन झाली आहे. बहुधा फक्त फेरीवाल्याने अजून मागितलेली नाही.

आणि ज्याचा पत्ता खरोखर झाकायला हवा, तो माणूस म्हणजे अर्जदार. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी जमिनींचे व्यवहार माहितीच्या अधिकारातून बाहेर काढले; १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. अर्ज कार्यालयात पडला, की अर्जदार कोण, राहतो कुठे, हे ज्याच्याबद्दल अर्ज आहे त्याला संध्याकाळपर्यंत कळतं, ही तक्रार या कायद्याइतकीच जुनी आहे. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की अर्जदाराने टपाल पेटीचा क्रमांक दिला तरी पुरे, घरच्या पत्त्याचा आग्रह धरू नका. म्हणजे इलाज ठाऊक होता, सोपा होता, जवळजवळ फुकट होता. त्यासाठी आपल्यासारखं एखादं पोटकलम जन्माला घालावं, असं कुणाला वाटलं नाही.

जुन्या कायद्यात कलम १० सुद्धा आहे. कागदातला जो भाग द्यायचा नाही तेवढ्यावर काळी पट्टी मारा आणि उरलेला द्या. मोबाइल नंबर झाका, आधार झाका, आजाराचं नाव झाका, मुलांची नावं झाका. ज्याने सही केली, ज्याला ठेका मिळाला, ज्याला सरकारी पैसा मिळाला, ते उघडं ठेवा. एक काळं मार्कर पेन, वीस रुपयांचं. नॉर्वेत लोकांचं करपात्र उत्पन्न आणि कर किती हे पाहता येतं. पुढे लोक शेजाऱ्याची मिळकत चाळत बसू लागले, तेव्हा त्यांनी यादी बंद केली नाही. २०१४ पासून नियम केला, की तुमची नोंद कुणी पाहिली हे तुम्हालाही कळेल. पाहणाऱ्यांची गर्दी ओसरली, कर बुडवणाऱ्याची भीती राहिली. त्यांना हे कसं सुचलं? त्यांनी बहुधा दोन्ही बाजू एका टेबलावर ठेवल्या.

एवढं लांब जायचंही कारण नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसांनी कान्हेरीच्या लेण्यांत दानं दिली आणि दगडावर कोरून ठेवलं: नाव, गाव, धंदा, काय दिलं. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दिल्याची नोंद तिथे आजही वाचता येते. अर्थात ते आपखुशीने कोरलेलं आणि स्वतःच्या पैशांचं. तुलना ताणण्यात अर्थ नाही. पण आज त्याच कल्याणमध्ये महापालिकेच्या पैशांतून टाकी बांधणाऱ्या ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला फलक काम संपण्याआधीच गायब होतो. नंतर विचारायला गेलं, तर आता आपण दारात उभे.

खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निकाल नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, तो निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर. ते कुणाविरुद्ध कोर्टात गेले होते? सरकारविरुद्ध, आधारवरून. नागरिकाने सरकारपासून बचावासाठी लढून मिळवलेली ढाल आठएक वर्षांत फिरून सरकारी टेबलाच्या त्या बाजूला गेली, आणि आम्ही या बाजूला दहा रुपयांचा स्टॅम्प धरून उभे. ढाल वाहून नेण्याचं काम आपण केलंत. ओझं जड होतं, पण आपण एका ओळीत उचललंत.

तेव्हा हे पत्र म्हणजे अर्जच समजावा. विषय एक, शब्द दीडशेच्या आत. मला पुढील कागद हवे आहेत: (१) जुन्या ८(१)(ञ) मधली जनहिताची तरतूद काढण्याचा प्रस्ताव ज्या नस्तीवर पहिल्यांदा मांडला गेला, तिच्यावरच्या टिपण्या, (२) विधिमंडळाला मिळणारी माहिती नागरिकालाही मिळेल, ही पुस्ती वगळण्याची कारणं, (३) आपण लगोलग आणि नागरिकांची कलमं १८ महिन्यांनी, हा क्रम ठरवणाऱ्या बैठकीचं इतिवृत्त. टिपणी लिहिणाऱ्याचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता किंवा मुलाच्या लग्नातला आहेर मला नको. तेवढ्यावर काळी पट्टी मारावी. पदनाम आणि सही मात्र दिसू द्यावी.

उत्तर तीस दिवसांत अपेक्षित आहे. प्रथम अपिलासाठीचा वीस रुपयांचा स्टॅम्प आजच आणून ठेवला आहे.

आपला,
कल्याणचा एक अर्जदार